पूर्वीचे नाव (असल्यास)

कुठल्याही समाजाचा इतिहास पुसून टाकण्याची ताकद जगातल्या कुठल्याही सत्तेत नाही. विभाग मात्र पुसता येतो. त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो, दोन प्रतींत.

वेनराइट स्टेट विद्यापीठातला कृष्णवर्णीय अध्ययन विभाग भूगर्भशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात होता. सत्तावन्न वर्षांपूर्वी एकवीस विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या कचेरीत चार दिवस ठिय्या देऊन तो मिळवला होता. मागणी मान्य करताना प्रशासनाने संपूर्ण आवारात शोध घेऊन खिडकी नसलेली जागा निवडली. वरच्या मजल्यावर दगडांचा संग्रह होता. दगडांना खिडक्या होत्या.

डॉक्टर व्हर्लीन ब्रॉडनॅक्स अकरा वर्षं या विभागाची प्रमुख होती. त्याआधी तिथेच शिकवत होती, आणि त्याच्याही आधी, अठराव्या वर्षी, एक पत्र्याची पेटी आणि आईने दिलेलं बायबल घेऊन याच तळघराच्या पायऱ्या उतरली होती. त्या वेळी समोर उभे होते प्रोफेसर होझीया कल्पेपर. त्या एकवीस जणांपैकी ते एक. ठिय्या संपवून पदवी घेतली, आणि मग आपण मिळवलेल्या विभागात चाळीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांनी किल्ली परत केली नव्हती. विद्यापीठाने तीन पत्रं पाठवली. त्यांनी तिन्ही फाइलला लावली.

कल्पेपरांनी घालून दिलेली एक रीत विभागात अजून चालत होती. पहिल्या सत्रात पुस्तक उघडायचं नाही. आधी प्रत्येकाने अठराशे सत्तरच्या जनगणनेत आपलं माणूस शोधून आणायचं. त्याच्या आधीच्या गणनांत गुलामांची नावंच नाहीत. मालकाचं नाव, त्याच्याखाली ओळीने: पुरुष, वय तीस, स्त्री, वय बावीस, मुलगी, वय चार. सत्तर साली पहिल्यांदा सरकारी माणूस दारात आला आणि त्याने नाव विचारलं. व्हर्लीनला तिचं माणूस सापडायला सात आठवडे लागले होते. डोशिया, वय अंदाजे चाळीस, धंदा कपडे धुणे. ते पान तिने हाताने उतरवून काढलं, कारण यंत्रावर प्रत काढायला रांग होती. आणि उतरवताना तिच्या लक्षात आलं, की या विषयात आपलं आयुष्य जाणार. याचा तिला नंतर पुष्कळदा राग आला, पण पश्चात्ताप झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी राज्याने पहिला कायदा केला. त्यात शब्दांची यादी होती. ज्या विभागाच्या, अभ्यासक्रमाच्या किंवा पाठाच्या नावात यादीतला शब्द येईल, तो विभाग तपासणीला. तपासणी यंत्र करणार होतं. यंत्र वाचत नसे, नुसतं शोधत असे. त्यामुळे त्याला राग येत नसे आणि शंकाही येत नसे.

व्हर्लीनने गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा घालवून सगळी नावं बदलली. 'गुलामगिरीचा इतिहास' झाला 'दक्षिणेतील श्रमव्यवस्था'. 'नागरी हक्कांची चळवळ' झाली 'विसाव्या शतकातील बसवाहतूक आणि प्रवासी'. जमावाने झाडाला लटकवलेल्या माणसांबद्दलचा जो पाठ होता, त्याचं नाव तिने ठेवलं 'ग्रामीण न्यायदानाच्या अनौपचारिक पद्धती'. ते लिहून झाल्यावर ती उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि पुढचं नाव घेतलं. खुद्द विभाग झाला 'प्रादेशिक समाज आणि वारसा'.

कल्पेपरांनी यादी वाचली. चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचली.

"पोरी, मतदारयादीत नाव घालायला माझ्या आजोबांनी सात वर्षं हेलपाटे घातले. शेवटच्या वर्षी घर जाळलं त्यांचं. तू आपलं नाव स्वतःच्या हाताने खोडतेस?"

"नाव खोडते, प्रोफेसर. घर वाचवते."

"आणि हे बसवाहतुकीचं काय आहे?"

"त्याला चाळीस जणांनी नावं दिलीत. त्यातले बारा वाहतूक-व्यवस्थापनाचे आहेत. त्यांना अजून कळलेलं नाही."

"कळल्यावर?"

"फार तर तिघे उठून जातील."

नाव बदलण्याचा अर्ज होता नमुना सतरा-अ. व्हर्लीनने तो भरायला घेतला आणि पहिल्याच चौकटीशी थांबली. चौकटीत छापलं होतं: पूर्वीचे नाव (असल्यास). पूर्वीचं नाव लिहिलं असतं तर त्यात यादीतला पहिलाच शब्द होता, आणि अर्ज यंत्रातून जाणार होता. म्हणून तिने सतरा-अ बाजूला ठेवला आणि सतरा-ब भरला. तो नवा अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी होता. त्यात पूर्वीचं काही विचारलेलं नव्हतं. जुना अभ्यासक्रम बंद करण्याचा अर्ज तिने केलाच नाही, कारण त्यात कारण लिहायचं होतं. विद्यार्थी नव्या नावाखाली गेले, शिक्षक तेच, तळघर तेच. यंत्राने विद्यार्थी असलेल्या अभ्यासक्रमांत शोध घेतला, काही सापडलं नाही, हिरवा शिक्का उमटला. त्या दिवशी व्हर्लीनने अख्ख्या विभागाला तळलेला मासा आणि कोबीची कोशिंबीर खाऊ घातली. सगळे तिला हुशार म्हणाले. तिलाही तसंच वाटलं. कायद्याला कागदाने फसवता येतं असं वाटणं हा शिकलेल्या माणसांचा जुना आजार आहे.

दुसरा कायदा या वसंतात आला. त्यात एकही शब्द कुणाच्या विरोधात नव्हता. तीन वर्षांत तीसपेक्षा कमी पदवीधर देणारा अभ्यासक्रम बंद, एवढंच. व्हर्लीनने बोटांवर मोजलं. बारा, अकरा, आणि या मे महिन्यात अकरा. चौतीस. तिने चौतीस नावं टंकून काढली, खाली सही केली, आणि ऑगस्टमध्ये बोलावणं आलं तेव्हा तो कागद घेऊन प्रशासनाच्या सहाव्या मजल्यावर गेली.

तिथे टॅव्हॅरिस ममफर्ड बसत असे. टॅव्हॅरिस तिचा विद्यार्थी. चौदा वर्षांपूर्वी तळघरात पहिल्या बाकावर बसायचा आणि प्रत्येक वाक्याला आव्हान द्यायचा. नोकऱ्यांसाठी त्याची अकरा शिफारसपत्रं तिने लिहिली होती. आता तो शैक्षणिक सुसंगती व अभ्यासक्रम परिणामकारकता या खात्याचा सहयोगी उपप्रमुख होता.

"बाळा, तुझ्या दारावरची पाटी वाचून होईपर्यंत लिफ्ट दोनदा जाऊन आली," ती म्हणाली.

"बसा, डॉक्टर ब्रॉडनॅक्स."

एरवी तो तिला मिस व्ही म्हणायचा. ती बसली नाही.

"कोण वारलं?"

"बसा ना."

"चौतीस आहेत. नावं आणलीत. मोज."

"मोजायची गरज नाही. चौतीस बरोबर आहेत." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "कुणाचे, एवढाच प्रश्न आहे."

पडद्यावर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत जुना अभ्यासक्रम: बारा, अकरा, शून्य. एकूण तेवीस. खालच्या ओळीत नवा: रेघ, रेघ, अकरा. एकूण अकरा. दोन्ही ओळींच्या शेवटी लाल ठिपका होता.

व्हर्लीन बसली.

"हे दोन नाहीयेत रे. एकच आहे."

"कागदावर दोन आहेत."

"कागद मी भरलाय."

"आणि मी मंजूर केलाय."

"हसत केला होतास."

"तेव्हा हसू आलं होतं, मिस व्ही." आता तो मिस व्ही म्हणाला, ते तिला जास्त वाईट वाटलं. "मी स्वतः तिघांना सांगितलं होतं, बघा आमच्या बाईंचं डोकं कसं चालतं."

"म्हणजे एक विभाग वाचवायला गेले आणि दोन बंद पाडले."

"विद्यापीठाच्या आकडेवारीत त्याचा फायदा झालाय खरा. राज्याला आठ बंद करून हवे होते. आमचे सहाच होत होते."

खिडकीतून फुटबॉलचं मैदान दिसत होतं. तिथे गवत ओलं करत होते.

"अपिलाची सोय आहे," टॅव्हॅरिस म्हणाला. "सप्टेंबरमध्ये राजधानीत विश्वस्त मंडळाची सभा आहे. तिथे उभं राहून तुम्ही शपथेवर सांगायचं, की जुना आणि नवा एकच. जे आधी शिकवत होतो तेच आता शिकवतो. मग दोन्हींची बेरीज होते. चौतीस. नवा अभ्यासक्रम एक वर्ष चालू ठेवायला मंडळ परवानगी देऊ शकतं."

"मग एवढा सुतकी चेहरा कशाला करून बसलायस? जाते मी."

"तेच वाक्य त्याच दिवशी शब्दांच्या कायद्याच्या कचेरीत जातं. जे आधी शिकवत होतो तेच आता शिकवतो. त्यांना तेच हवंय. अभ्यासक्रमाला दुरुस्तीसाठी वर्ष मिळतं. प्रमुखाला नाही मिळत. प्रमुखाची नेमणूक रद्द, आणि राज्यात पुन्हा कुठे शिकवता येत नाही."

"मला सदतीस वर्षं झाली इथे."

"माहितीये मला."

"एक वर्ष म्हणजे एक तुकडी."

"वीसेक पोरं. बावीस."

"बावीस पोरं आपलं माणूस शोधून आणतील."

"मी तुमच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो," टॅव्हॅरिस म्हणाला. "तुमची सोय मी लावतो. पहिल्या वर्षाला निबंधलेखन शिकवायचं. वरती, खिडकी असलेल्या खोलीत."

"तू माझ्या जागी कधीच नसतास, बाळा. तू तुझ्या जागी आहेस. चांगली आहे जागा. मैदान दिसतं."

तो लाल झाला नाही. त्याच्या कातडीवर ते दिसत नसे. पण त्याने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला, जरा जोरातच.

तळघरात कल्पेपर नव्या सत्रासाठी जनगणनेचे कोरे तक्ते मोजून ठेवत होते. व्हर्लीनने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले.

"म्हणा. एकदा काय ते म्हणा आणि मोकळे व्हा."

"मी म्हटलं होतं," ते पुन्हा म्हणाले, आणि मोकळे झाले नाहीत. संध्याकाळपर्यंत आणखी तीनदा म्हणाले. शेवटी निघताना टोपी घालता घालता थांबले. "काय करणारेस?"

"निबंधलेखन वाईट नाही. पोरांना स्वल्पविराम येत नाहीत."

"व्हर्लीन."

"माझे गुडघे गेलेत, प्रोफेसर. या पायऱ्या आता चढवत नाहीत. खरं सांगते, मला खिडकी हवीये."

ते काही बोलले नाहीत. हे त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि म्हणून व्हर्लीन त्या रात्री आणि पुढचे दहा दिवस नीट झोपली नाही. अकराव्या दिवशी तिने वक्त्यांच्या यादीत नाव नोंदवलं. नोंदणीच्या पानावर तीन चौकटी होत्या: नाव, गाव, विषय. विषयाच्या चौकटीत निवडायला सात पर्याय दिले होते. तिचा विषय त्यांत नव्हता. तिने शेवटचा निवडला: इतर.

राजधानी तीन तासांवर. कल्पेपर बरोबर आले. त्यांना नको म्हणण्याची सोय नव्हती. वाटेत पेट्रोल भरताना त्यांनी उकडलेल्या शेंगांची पिशवी घेतली आणि खारं पाणी गाडीभर सांडत तिला भाषण कसं करायचं ते शिकवलं.

"सुरुवातीला देवाचं नाव घे."

"विश्वस्त मंडळासमोर?"

"त्यांना देव चालतो. आपण चालत नाही. आणि हात वर करू नकोस बोलताना. तू हात वर केलेस की गोऱ्या माणसांना वाटतं वर्गणी मागणार."

"तीन मिनिटं आहेत, प्रोफेसर. त्यात देव, हात आणि विभाग एवढं बसणार नाही."

"आम्ही चार दिवस बसलो होतो."

"एकवीस जण. माहितीये."

"बाविसावा होता. क्लीटस येल्डेल. डबे आणायला बाहेर गेला, आणि पोलिसांनी परत आत सोडलं नाही. आता ब्याऐंशीचा आहे तो. अजून सांगतो, मीही होतो. चर्चमध्ये समोर आला की मी सांगतो, तू ठिय्यात नव्हतास, जेवणात होतास."

व्हर्लीनला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून तिने ते येऊ दिलं.

सभागृह मोठं होतं. गालिचा, झेंडे, उंच चौथऱ्यावर नऊ खुर्च्या. ते वीस मिनिटं आधी पोचले आणि तिसऱ्या रांगेत बसले. नऊ वाजता प्रार्थना झाली. झेंड्याला वंदन झालं. राज्यात दुसऱ्या आलेल्या गोल्फच्या चमूला प्रमाणपत्रं दिली, फोटो काढले, एका खेळाडूची आई रडली. मग अध्यक्षांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "संमतीसूची, कलम सहा ते एकोणतीस. हरकत? नाही. मंजूर." एवढं म्हणेपर्यंत कल्पेपरांची एक शेंगही सोलून झाली नव्हती.

"हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मागचं इतिवृत्त वगैरे असेल."

"आपलं कधी?"

"आधी आपल्याला बोलायला देतील. मग चर्चा. मग मत."

सदतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला एक खोड लागते. त्याला वाटतं, आधी मांडणी असते आणि मग निष्कर्ष.

साडेदहाला वक्त्यांना बोलावलं. पहिले तिघे वाहनतळाबद्दल बोलले. नवी फी, अपंगांच्या जागा, आणि एका बाईची गाडी दोनदा चुकून उचलून नेली होती. तिला बरीच सहानुभूती मिळाली. चौथं नाव व्हर्लीनचं. तिने देवाचं नाव घेतलं नाही. हात खाली ठेवले. शपथ घेतली, आणि म्हणाली, की 'प्रादेशिक समाज आणि वारसा' नावाचा विभाग अस्तित्वात नाही. जो आहे तो कृष्णवर्णीय अध्ययन विभाग आहे, सत्तावन्न वर्षं आहे. श्रमव्यवस्था म्हणजे गुलामगिरी. बसवाहतूक म्हणजे नागरी हक्क. अनौपचारिक न्यायदान म्हणजे काय ते तिने सांगितलं. किती माणसं, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या साली. ही नावं मी लपवली, ती माझी चूक. शिकवणं थांबवलं नाही, ती माझी चूक नाही. पदवीधर चौतीस आहेत. मोजून घ्या.

समोरचा लाल दिवा लागायला सहा सेकंद बाकी होते. ती थांबली. चौथऱ्यावरचा एक माणूस मान हलवत होता. नंतर कळलं, त्याला मानेचा त्रास होता.

"धन्यवाद, डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे."

पुढचा वाहनतळाबद्दल होता. त्याच्या पुढच्याला ग्रंथालयातलं कॉफीचं यंत्र परत हवं होतं.

व्हर्लीन जागेवर येऊन बसली. कल्पेपरांनी तिचा हात धरला. खारट, ओला हात.

"झालं," ती म्हणाली. "आता मत."

सभा अकराला संपली. माणसं उठली. व्हर्लीनने दाराशी कागद आवरत बसलेल्या बाईला विचारलं, की अभ्यासक्रमांचा ठराव कधी येणार, दुपारी का?

बाईने यादीवर बोट फिरवलं. "प्रादेशिक समाज आणि... वारसा? कलम चोवीस. ते झालं की. संमतीसूचीत होतं, म्हणजे चर्चा न होता सगळं एकदम मंजूर. साडेनऊला." मग, मदत करावी म्हणून, तिने यादी फिरवून दाखवली. कलम तेवीस: मैदानाचे दिवे. कलम चोवीस: अभ्यासक्रम बंद करणे, आठ. कलम पंचवीस: वसतिगृहाच्या छताची गळती.

"पण मी बोलले साडेदहाला."

"हो, छान बोललात तुम्ही," बाई म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

बाहेर ऊन होतं. कल्पेपर गाडीच्या दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. या वेळी 'मी म्हटलं होतं' असं त्यांनी म्हटलं नाही. किल्ल्या शोधायला व्हर्लीनला बराच वेळ लागला. त्या तिच्या हातातच होत्या.

"चांगलं झालं भाषण," शेवटी ते म्हणाले.

"ऐकलं कुणी?"

"मी ऐकलं ना."

शिक्षेचं पत्र कधी येतं याची वाट बघण्यात व्हर्लीनचे पाच आठवडे गेले. तिने कपाटं आवरली. तळघरातल्या दोन तरुण शिक्षकांसाठी दुसऱ्या राज्यांत पत्रं लिहिली. टॅव्हॅरिसला फोन केला नाही, आणि त्याचाही आला नाही. पत्र ऑक्टोबरच्या अखेरीस आलं, विधी विभागाकडून, दीड पानी. दिनांक अमुकच्या सभेतील आपल्या शपथपूर्वक निवेदनाची शब्दांच्या कायद्याखाली दखल घेण्यात आली. तथापि निवेदनाच्या वेळी, म्हणजे सकाळी साडेदहा वाजता, सदर दोन्ही अभ्यासक्रम अस्तित्वात नव्हते. अस्तित्वात नसलेल्या अभ्यासक्रमाच्या प्रमुखावर कारवाई करण्याची तरतूद कायद्यात नाही. सबब प्रकरण बंद.

तिला निबंधलेखनाचे दोन वर्ग मिळाले. खिडकी होती.

त्या सभेचं इतिवृत्त डिसेंबरमध्ये मंजूर झालं. त्यात सहा वक्त्यांची नोंद आहे. चार वाहनतळाबद्दल, दोन इतर.